सव्वापाच रती

जळगावच्या सराफ बाजारात, आमच्या पेढीच्या
सगळ्यात खालच्या खणात
एक नीलम आहे. तो विकला जात नाही.
जातो आणि येतो.

विसपुतेमामा म्हणायचे, नीलम कुणाच्या गळ्यात मारू नये.
आधी तीन रात्री उशाखाली.
लाभला तर ठेवा, बाधला तर आणून द्या,
पैसे मोजून घ्या, चहा घ्या,
आणि उठण्याआधी स्वप्न सांगा.

स्वप्नांची वही वेगळी. लाल कापडाची, लांबोडकी,
रकाने आखलेली:
तारीख, नाव, गाव, काय दिसलं.

सुपडू तायडे, भुसावळ, रेल्वे गार्ड:
हातात हिरवा झेंडा, पण गाडीच नाही.
रूळ फक्त, तेही ओले. परत.

विमल भंगाळे, यावल:
बहिणीचं लग्न, पंगतीत मला कुणी वाढेना. परत.

नजीर तडवी, पाल:
स्वप्न नाही पडलं. पण म्हैस आटली. परत.

धोंडाबाई, पारोळा:
'माय वं, रातभर दारमा घोडा उभा व्हता.
काहीच बोलना नही.'
खाली मामांच्या बारीक अक्षरात:
घोडा काय बोलणार! तरी परत.

एकदा विचारलं होतं, हा आला कुठून?
सिलोनच्या गाळातून, मामा म्हणाले,
वेताच्या टोपलीत चिखल धुता धुता कुणाला तरी सापडला.
मग जयपूर, मग मुंबई,
मग रात्रीच्या पॅसेंजरने इथे,
कागदाच्या पुडीत, बंडीच्या आतल्या खिशात.

आणि त्याच्याआधी?

त्यांनी चिमट्याने बाहेर दाखवलं.
गल्लीच्या तोंडाशी कासम धारवाला
पायाने चाक फिरवत होता, अडकित्त्यातून ठिणग्या.
ते चाक कुरुंदाचं, मामा म्हणाले, हाही कुरुंदच.
एका पोटचे दोघे.
ह्याच्या अंगात चिमूटभर लोखंड उतरलं
आणि हा शनीचा झाला.
तो कामाला लागला.

धुणंपुसणं माझ्याकडे.
कोमट पाणी, रिठ्याचा फेस, तान्ह्या पोराचा मऊ ब्रश.
घासायचं पाठीमागून;
तोंडाकडून सगळेच पुसतात, मळ पाठीला बसतो.
हिऱ्याशेजारी ठेवायचा नाही,
ह्याला ओरखडा काढणारा तो एकच.
फुंकणीच्या जाळापासून लांब.
मे महिन्यात पत्रे शेहेचाळिसावर जातात
तेव्हा मी पुडी माठाच्या तिवईखाली सरकवते.
गरज नसते, माहीत आहे.

भिंगातून आत रेशीम दिसतं,
तिरपं, अर्धं विणून सोडल्यासारखं,
आणि कडेला केसाएवढा तडा.
तो वाढत नाही. मी दर खेपेला बघते.

मामा गेल्यावर वही मागून पुढे चाळत गेले.
पहिल्याच पानावर नावाच्या रकान्यात
लिहिलं होतं: स्वतः.
पहिली रात्र, काही नाही.
दुसरी, काही नाही.
तिसरी: सुशी आली होती. खाटेच्या कडेला बसली.
बांगड्या वाजल्या नाहीत.
पुढे 'लाभला' लिहून खोडलेलं.
त्याच्यापुढे 'बाधला' लिहून
तेही खोडलेलं.

सुशी कोण, हे पेढीवर कुणालाच सांगता आलं नाही.
मामींना मी विचारलं नाही.

परवा पाइपच्या कारखान्यातला एक मुलगा आला,
बोटांना अजून प्लास्टिकचा वास.
लाभेल का, म्हणाला, ताई?
त्याला पुडी दिली, सही घेतली,
स्वप्न पुरतं सांग म्हटलं,
गाळू नकोस, लाजू नकोस.

आज त्याची तिसरी रात्र.
बाहेर कासमचा नातू मोटरवर चाक फिरवतो,
ठिणग्या तशाच पडतात.
मी शटर ओढण्याआधी
खण दोनदा उघडून पाहिला.